निर्णय कोणाचा? ज्येष्ठांच्या घरी जाऊन काम करणाऱ्या नव्या सोशल वर्करसाठी मार्गदर्शक

आजोबा सांगतात, "परवा बाथरूममध्ये पडलो. पण मुलीला बोलू नका, ती मला इथून हलवेल." तुम्ही निघता तेव्हा मुलगी दारापर्यंत येते आणि हळूच विचारते, "बाबा पुन्हा पडले का हो?" उत्तर त्याच क्षणी द्यावं लागतं. रुग्णालयात शेजारी डॉक्टर असतात, वरिष्ठ असतात, ठरलेल्या पद्धती असतात. घरभेटीत तुम्ही एकटे असता, आणि तेही दुसऱ्याच्या घरात.

या कामात बरीच वर्षं गेल्यावर मी प्रत्येक पेचात पहिला प्रश्न एकच विचारतो: हा निर्णय मुळात कोणाचा आहे? काय करणं बरोबर, हा प्रश्न त्यानंतरचा. निर्णय कोणाचा हे आधी नक्की केलं, तर बरेच पेच तिथेच सुटतात. जे सुटत नाहीत, त्यांत आपण नेमकं काय तोलतोय हे तरी स्पष्ट होतं. पुढच्या पायऱ्या याच प्रश्नाच्या आधाराने लिहिल्या आहेत.

१. पहिल्या भेटीआधी ही तयारी करा

हे कागद फाइलमध्ये हवेत:

– तुमच्या संस्थेची आचारसंहिता आणि तक्रार नोंदवण्याची पद्धत
– संमतीपत्र. कोणती माहिती, कोणाला, किती काळासाठी द्यायची, याचे वेगवेगळे रकाने असलेलं
– ज्येष्ठांनी कोणाला मुखत्यारपत्र दिलं असेल किंवा न्यायालयाने पालक नेमला असेल, तर त्याची प्रत
– उपचारांबद्दल त्यांनी आधी लिहून ठेवलेली इच्छा असल्यास तिची प्रत
– चालू औषधांची यादी आणि डॉक्टरांचा नंबर
– छळाची किंवा दुर्लक्षाची तक्रार कुठे करायची, त्या कार्यालयाचा पत्ता आणि नंबर
– कामाच्या वेळेबाहेरही फोन उचलतील अशा वरिष्ठांचं नाव

मुखत्यारपत्र असेल तर ते शेवटपर्यंत वाचा. इथे नवे लोक हमखास अडकतात. "सगळे अधिकार माझ्याकडे आहेत" असं मुलगा सांगतो, आणि कागदावर फक्त बँकेच्या व्यवहारांचा अधिकार असतो. पैशांचा अधिकार म्हणजे उपचारांचा अधिकार नव्हे, आणि आईने कुठे राहायचं हे ठरवण्याचा तर नव्हेच.

आणखी दोन गोष्टी वाचून ठेवा. संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्ये ज्येष्ठांसाठी १८ तत्त्वं स्वीकारली. स्वातंत्र्य, सहभाग, काळजी, आत्मविकास आणि प्रतिष्ठा या पाच गटांत ती मांडली आहेत, आणि शक्य तितका काळ स्वतःच्या घरी राहता यावं हेही त्यांत आहे. दुसरं म्हणजे आंतरराष्ट्रीय समाजकार्य महासंघाची २०१८ ची नैतिक तत्त्वं. ती मोजक्याच पानांची आहेत. वरिष्ठांशी चर्चा करताना त्यांचा आधार घेता येतो.

२. गुप्ततेची मर्यादा पहिल्याच दिवशी सांगा

"तुम्ही मला जे सांगाल ते माझ्यापाशीच राहील," हे वाक्य कधीही बोलू नका. ऐकायला चांगलं वाटतं, पण ते पाळता येत नाही. त्याऐवजी साध्या शब्दांत असं सांगा: "तुमची माहिती मी तुम्हाला विचारल्याशिवाय घरच्यांना देणार नाही. माझ्या वरिष्ठांशी मात्र कामापुरतं बोलेन. आणि तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं, तर मला ते पुढे कळवावं लागेल. तसं करायची वेळ आली तर शक्यतो आधी तुम्हाला सांगेन."

महासंघाच्या तत्त्वांतही हेच आहे: माहिती गुप्त ठेवायची, पण स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याचा धोका असेल किंवा कायद्याचं बंधन असेल तर अपवाद, आणि या मर्यादा समोरच्या माणसाला आधी समजावून द्यायच्या.

हेच घरच्यांनाही त्याच दिवशी सांगून ठेवा. मग दारातल्या त्या मुलीला खोटं बोलायची वेळ येत नाही. "त्यांच्या तब्येतीबद्दल त्यांना विचारल्याशिवाय मी बोलत नाही, तुमच्याबद्दलही त्यांच्याशी बोलणार नाही. आपण तिघं एकत्र बसून बोलूया का?" एवढं उत्तर पुरतं. आणि पुढच्या भेटीत आजोबांशी पुन्हा बोला. मुलीला कळू द्यायचं नाही, यामागची भीती कसली आहे? पडण्यापेक्षा घर सुटण्याची भीती मोठी असते. ती भीती बोलण्यात आली की अनेकदा तेच म्हणतात, "तुम्ही सोबत असाल तर सांगतो तिला."

३. ज्येष्ठांशी एकट्याने बोला, प्रत्येक वेळी

फोन मुलगा करतो, वेळ सून ठरवते, पैसे मुलगी भरते. पण काम आजींचं आहे. घरात सगळ्यांत मोठा आवाज ज्याचा, त्यालाच आपण नकळत क्लायंट मानायला लागतो.

म्हणून दर भेटीत किमान काही मिनिटं एकांतात बोलायचा नियमच करा आणि तो पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर जाहीर करा. "मी प्रत्येक घरात असंच करतो" असं सांगितलं तर कोणाला संशय वाटत नाही. एकांत मिळूच दिला जात नसेल, तर ती गोष्ट तारखेसह नोंदवा. तोच एक मोठा इशारा असतो.

आजींना कमी ऐकू येत असेल किंवा भाषा वेगळी असेल, तर घरच्यांना दुभाषी करू नका. आईने चार वाक्यं सांगितली आणि मुलाने "ठीक आहे म्हणते" एवढंच भाषांतर केलं, तर त्यातलं तुमच्यापर्यंत काहीच आलेलं नाही.

४. निर्णयक्षमता: इथे घाई करू नका

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, आणि एका चुकीने माणसाचं घर, पैसे, औषध, सगळंच त्याच्या हातून जाऊ शकतं. म्हणून हा भाग दोनदा वाचा.

सुरुवात कायम एकाच गृहीतकाने करा: समोरच्या माणसाला निर्णय घेता येतो. येत नाही असं म्हणणाऱ्याने ते दाखवून द्यायचं. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ साली मानसिक क्षमतेबद्दल कायदा झाला. त्यात पाच तत्त्वं आहेत: क्षमता आहे असं धरून चाला, निर्णय घ्यायला शक्य ती सगळी मदत करा, निर्णय शहाणपणाचा नाही म्हणून क्षमता नाही असं ठरवू नका, क्षमता नसेलच तर त्या माणसाच्या हिताचं पाहा, आणि जे कराल त्यात त्याच्या स्वातंत्र्यावर कमीत कमी बंधन येऊ द्या. तुम्ही काम करता तिथला कायदा वेगळा असेल, तो वाचायलाच हवा. पण विचार करण्याची पद्धत म्हणून ही पाच तत्त्वं कुठेही उपयोगी पडतात. तिसरं तर मी नव्या माणसाला पाठच करायला सांगतो.

क्षमता "आहे" किंवा "नाही" अशी एकदाच ठरत नाही. ती त्या निर्णयापुरती आणि त्या वेळेपुरती असते. घर विकण्याचा व्यवहार न समजणाऱ्या आजींना मदतनीस कोण हवी, आंघोळ केव्हा करायची, हे नीट ठरवता येतं. एका कागदावरचा शेरा आयुष्यभराच्या सगळ्या निर्णयांना लावू नका.

तपासायच्या गोष्टी चार. माहिती समजते का? ती आपल्याला लागू होते हे उमगतं का? पर्याय तोलता येतात का? निवड सांगता येते का, बोलून, लिहून किंवा खुणेने? त्यासाठी असं विचारता येतं:

– "डॉक्टर काय म्हणाले, तुमच्या शब्दांत सांगाल का?"
– "तुम्ही इथे एकटेच राहिलात तर काय अडचण येऊ शकते, असं तुम्हाला वाटतं?"
– "रात्री पडलात तर काय कराल?"
– "दुसरा पर्याय का नको?"

"हो" किंवा "नाही" इतकंच उत्तर येईल असे प्रश्न टाळा. पुष्कळ ज्येष्ठ समोरच्याचं मन राखायला "हो" म्हणून टाकतात.

सापळे तीन. पहिला, स्मृतिचाचणीचे गुण. १९७५ मध्ये आलेली ३० गुणांची चाचणी आजही सर्रास वापरतात. तिच्यातून स्मरण आणि आकलनाचा अंदाज येतो. आजींना हे घर सोडायचं आहे की नाही, हे ठरवण्याची पात्रता तिच्यातून कळत नाही. गुण कमी आले म्हणून मत विचारायचंच सोडून देणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ते मला अजिबात मान्य नाही.

दुसरा सापळा वेळेचा. संध्याकाळी गोंधळणारा माणूस सकाळी स्वच्छ बोलतो. चष्मा आणि श्रवणयंत्र लावलेलं आहे ना, बॅटरी चालू आहे ना, टीव्ही बंद आहे ना, एवढं पाहूनच बोलायला बसा.

तिसरा सापळा सर्वांत धोक्याचा. कालपर्यंत ठीक असलेला माणूस एक-दोन दिवसांत अचानक गोंधळला, तर "वय झालं" किंवा "डिमेन्शिया वाढला" असं समजू नका. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठता, नवं औषध, यांतलं काहीही असू शकतं. याला डेलिरियम म्हणतात आणि अनेकदा तो उपचारांनी ओसरतो. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. कोणताही मोठा निर्णय तोवर थांबवा.

औपचारिक मूल्यमापन कोणी करायचं, हे तिथल्या कायद्यावर अवलंबून असतं. पण घरातलं वागणं डॉक्टरांना दिसत नाही, तुम्हाला दिसतं. त्यामुळे तुमच्या नोंदीत मत नको, निरीक्षण हवं. "गोंधळलेल्या वाटल्या" असं लिहू नका. "सकाळी ११ वाजता तारीख सांगता आली नाही, पण भाडं कोणाला आणि केव्हा द्यायचं ते अचूक सांगितलं" असं लिहा.

५. धोका आहे, पण माणूस ऐकत नाही

दोनदा पडलेल्या, तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी म्हणतात, "मरेन तर इथेच." त्यांना धोका समजतो, पर्यायही समजतात. मग तो निर्णय त्यांचा. तुमचं काम संपलं असं मात्र नाही. "त्यांचा हक्क आहे" म्हणून फाइल बंद करणं आणि "त्यांच्या भल्यासाठी" म्हणून दबाव आणणं, या दोन्हींत आपण त्यांना सोडूनच दिलेलं असतं.

धोका मोजताना हे प्रश्न वेगवेगळे ठेवा: इजा कोणाला होईल? शक्यता किती? झाली तर किती गंभीर? पुन्हा पूर्वपदावर येता येईल का? आणि आपण सुचवतोय त्या पर्यायाने काय नुकसान होईल? हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही. घर सुटलं की शेजार सुटतो, रोजची सवय सुटते, काही जणांची जगण्याची इच्छाही सुटते. तेही नुकसानीतच धरायचं.

"कोणाला" याने उत्तर पूर्ण बदलू शकतं. आजी स्वतः पडण्याचा धोका पत्करू शकतात. गॅस चालू ठेवून विसरतात आणि वर-खाली कुटुंबं राहतात, तर निर्णय एकट्या त्यांचा राहत नाही. आपल्या निवडीने दुसऱ्यांच्या हक्कांना बाधा येऊ नये, ही अट महासंघाच्या तत्त्वांत स्वनिर्णयाच्या हक्काला जोडलेलीच आहे.

मग पायरीपायरीने वर जा, सगळ्यांत कमी बंधनापासून. बाथरूममध्ये धरायला दांडी, रात्रीचा दिवा, घसरणारं पायपुसणं काढणं, मदतीसाठी गळ्यात घालायचं बटण, आपोआप बंद होणारी शेगडी, दिवसातून एक ठरलेला फोन. यातलं काही नको म्हणाल्या तर का नको ते विचारा. घराचं रुग्णालय होईल, ही भीती असेल तर दांडीचा रंग निवडायला देण्यानेही फरक पडतो.

"सुरक्षिततेसाठी" म्हणून केलेल्या काही गोष्टी उलट धोका वाढवतात. पलंगाचे कठडे हे त्यातलं नेहमीचं उदाहरण. गोंधळलेला माणूस त्यावरून चढून उतरायला जातो आणि अधिक उंचीवरून पडतो, किंवा फटीत अडकतो. बाहेरून कुलूप लावलेलं घर आग लागल्यावर सापळा होतं. घरचे चांगल्या हेतूने हे करतात, म्हणून रागावू नका. पण गप्पही बसू नका.

६. छळाची शंका आली तर

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठ वर्षांवरच्या दर सहा जणांपैकी एकाला वर्षभरात घरादारात किंवा समाजात कुठल्या ना कुठल्या प्रकारचा छळ सोसावा लागतो. मारहाण हा त्यातला एक प्रकार. अपमान, धमक्या, पैसे काढून घेणं, लैंगिक छळ, औषध-पाण्याकडे दुर्लक्ष, हे बाकीचे. म्हणजे तुमच्या यादीत असं घर असणारच, हे धरून चाला.

काय पाहायचं: सांगितलेल्या कारणाशी न जुळणारे वळ, दंडांवर बोटांच्या खुणा, विशिष्ट माणूस आत आला की बदलणारा आवाज, बँकेतून अचानक निघालेले पैसे, रिकामी औषधपेटी. मात्र वयाने त्वचा पातळ होते, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी साध्या धक्क्याने काळंनिळं पडतं. पुरावा मिळवणं हे तुमचं काम नाही. दिसलं ते लिहा, सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहा, आणि वरिष्ठांना त्याच दिवशी कळवा. संशयिताला एकट्याने जाब विचारू नका. तुम्ही निघून जाता, आजी तिथेच राहतात.

आजी म्हणाल्या, "तक्रार करू नका, तो माझा मुलगा आहे," तर? जिवाला तातडीचा धोका असेल, किंवा कायद्याने कळवणं सक्तीचं असेल, तर कळवायचंच, आणि तसं त्यांना सांगून. तसं नसेल आणि त्यांना निर्णयक्षमता असेल, तर त्यांच्या गतीने चला. बहुतेकांना मुलगा तुरुंगात जायला नको असतो. त्रास थांबायला हवा असतो. पैसे वेगळ्या खात्यात, घरात रोज येणारी एखादी बाहेरची व्यक्ती, मुलाच्या व्यसनावर उपचार, असे मधले मार्ग त्यांच्यासमोर ठेवा. त्या नाही म्हणाल्या तरी कोणाला फोन करायचा ते त्यांना पाठ असू द्या.

थकलेल्या काळजीवाहकाकडे वेगळ्या नजरेने पाहा. नवऱ्याला रात्री पाच वेळा उठवून बसवणारी सत्तरीतली बायको एक दिवस त्याचा हात जोरात ओढते. खूण तर पडलीच आहे, नोंदही करायची आहे. पण तिला झोप हवी, आठवड्यातून काही तास बदली माणूस हवा. काळजीवाहकाचा भार मोजणारी झारिटची २२ प्रश्नांची प्रश्नावली अशा वेळी उपयोगी पडते. ती भरताना पुष्कळ बायका पहिल्यांदाच स्वतःबद्दल बोलतात.

७. पैसे, सह्या, भेटवस्तू

हा भाग लहान आहे, कारण इथे पेच फारसा नाही. कशावरही साक्षीदार म्हणून सही करू नका. एटीएमचा पिन ऐकून घेऊ नका. उसने घेऊ नका, देऊही नका. आजी मृत्युपत्रात तुमचं नाव घालते म्हणाल्या तर नाही म्हणा आणि संस्थेला लेखी कळवा. घरी केलेलं काही खाऊ घातलं तर ते माया म्हणून घ्या, त्याचा बाऊ नको. वस्तू किंवा रोख असेल तर संस्थेचा नियम दाखवून परत करा आणि नोंद करा.

"आईची सही घ्यायला मदत करा" असं घरचे म्हणाले, तर कागद कसला आहे ते विचारा आणि आजींना स्वतंत्र वकिलाचा सल्ला मिळेपर्यंत त्यात पडू नका.

८. लपवाछपवीचे पेच

"आजार त्यांना सांगू नका, खचतील." हे तुम्ही कित्येकदा ऐकाल. कोणाला किती कळायला हवं, हे ज्येष्ठांनाच विचारून ठरवता येतं: "तपासणीचं जे काही येईल ते तुम्हाला सगळं कळायला हवंय, की थोडं, की घरच्यांशी बोललेलं चालेल?" काही कळायला नको असण्याचाही त्यांना हक्क आहे. पण त्यांनी थेट विचारलं, "मला काय झालंय?" तर खोटं बोलायचं नाही. डॉक्टरांशी भेट जुळवून द्या आणि सोबत बसा.

जेवणात गोळी चुरून देणं: निर्णयक्षमता असलेल्या माणसाच्या बाबतीत हे चालणार नाही, मग हेतू कितीही चांगला असो. क्षमता नसेल तरी एकट्या कुटुंबाने ठरवायची ही गोष्ट नव्हे. डॉक्टर, फार्मासिस्ट आणि घरचे यांनी मिळून, लेखी ठरवायचं. काही गोळ्या चुरल्या की त्यांचा परिणामच बदलतो.

कॅमेरा: हॉलमध्ये, त्यांना सांगून, त्यांच्या संमतीने असेल तर बोलता येईल. शयनगृहात आणि न्हाणीघरात कॅमेरा बसवायला माझा विरोध असतो आणि मी तो लेखी कळवतो. मदतनीस बाईंनाही कॅमेऱ्याची माहिती हवी.

९. पेच आला की हा कागद भरा

डोक्यात फिरत राहिलेला पेच मोठा होतो. एका पानावर हे लिहा:

– नक्की काय झालं, कोणी पाहिलं, कोणी सांगितलं
– निर्णय कोणाचा, आणि कशावरून
– ज्येष्ठांचं म्हणणं, त्यांच्याच शब्दांत
– कोणती मूल्यं एकमेकांना छेद देतात (स्वातंत्र्य आणि सुरक्षितता, गुप्तता आणि दुसऱ्याचा जीव)
– कायदा आणि संस्थेचा नियम काय सांगतो
– किमान तीन पर्याय. दोनच सुचत असतील तर अजून विचार झालेला नाही
– कोणाशी चर्चा केली, काय ठरलं, का ठरलं
– पुन्हा पाहायची तारीख

"का ठरलं" हा रकाना कधी रिकामा सोडू नका. पुढे वाईट काही घडलं तर तुमचा निर्णय चुकला का, यापेक्षा तो कसा घेतला हेच तपासलं जातं. आणि लिहिताना ज्येष्ठ हे पान वाचतील, असं धरून लिहा. अनेक ठिकाणी त्यांना तसा हक्कही असतो.

तातडीचा प्रसंग नसेल तर एकट्याने ठरवू नका. वरिष्ठ, एखादी नर्स, दुसरा अनुभवी सोशल वर्कर, कोणीतरी हवं. चर्चेत नाव न घेता बोला.

१०. आढावा आणि केस सोपवणं

ठरवलेल्या तारखेला कागद पुन्हा काढा. तब्येत बदलली, मदतनीस बदलली, नवरा गेला, की जुना निर्णय तसाच लागू राहत नाही. आजींनी तेव्हा नको म्हटलेली दांडी आज हवी असू शकते, पुन्हा विचारा.

केस दुसऱ्याकडे देताना शेवटची भेट दोघांनी मिळून करा. नव्या माणसाला काय सांगायचं आणि काय नाही, हे ज्येष्ठांसमोर ठरवा, संमतीपत्रावर नव्याने सही घ्या, आणि उघडा राहिलेला प्रत्येक पेच फाइलच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून द्या.